मंडळाची वही

व्यापारी कुटुंबात वहीला पूज्य स्थान असते. दिवाळीला वहीपूजन होते, पहिल्या पानावर ‘श्री’ लिहिला जातो आणि मगच व्यवहाराची नोंद सुरू होते. अशाच घरांतील महिलांनी चालविलेल्या मंडळांचे हिशेब मात्र पुष्कळदा एखाद्या जुन्या डायरीत, क्वचित केवळ कोषाध्यक्षांच्या स्मरणात असतात. मंडळ म्हणजे घरोब्याचे नाते. तेथे हिशेब कसा मागावा, असा संकोच त्यामागे असतो. संकोच सद्भावनेचा असला, तरी मंडळाचे आयुष्य त्यामुळेच कमी होते.

महाराष्ट्रातील ज्या महिला संस्था दीर्घकाळ टिकल्या, त्यांनी हा संकोच आरंभीच दूर ठेवला. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर शेजारच्या सात भगिनींनी पापड लाटावयास प्रारंभ केला. भांडवल होते ८० रुपये आणि तेही उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली. त्यांचे मार्गदर्शक छगनलाल पारेख यांनी दोन गोष्टींचा आग्रह धरला : मालाच्या दर्जात तडजोड नको आणि हिशेब चोख हवा. देणगी स्वीकारावयाची नाही, हा निर्णयही त्या भगिनींनी आरंभीच घेतला. ‘लिज्जत’चा पुढील विस्तार सर्वांना ठाऊक आहे, पण त्याचा पाया गच्चीवरील त्या जमाखर्चाने घातला.

गिरणगावातील दुसरे उदाहरणही असेच बोलके आहे. गिरणी कामगारांना जेवण देणाऱ्या खाणावळवाल्या महिला वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज यांत अडकल्या होत्या. प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र आणले आणि १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले. तारण ठेवण्यास ज्यांच्याजवळ काहीच नव्हते, त्यांच्यासाठी राष्ट्रीयीकृत बँकेचे दार उघडले. एकटीला जी पत मिळत नाही, ती संघटित महिलांना मिळू शकते, हे त्यातून सिद्ध झाले.

आता आपल्या गल्लीतील मंडळाकडे पाहू. वर्गणी, सहलीची रक्कम, पर्युषणातील कार्यक्रमांसाठी जमलेला निधी, शालेय साहित्यवाटपासाठी आलेली देणगी, हे सर्व सोयीसाठी एखाद्या भगिनीच्या वैयक्तिक बचत खात्यात ठेवले जाते. ती भगिनी प्रामाणिक असते, यात शंका नाही. परंतु दुर्दैवाने तिचे निधन झाले, तर बँकेच्या दृष्टीने ती रक्कम मंडळाची नव्हे, खातेदाराची असते. नामनिर्देशित व्यक्तीलाही ती वारसांच्या वतीनेच मिळते. ‘यातील एवढे पैसे मंडळाचे’ असे शोकाकुल कुटुंबाला कोणी आणि कोणत्या तोंडाने सांगावे? सांगितले, तर अविश्वास दाखविल्यासारखे होते. न सांगितले, तर गरीब मुलांच्या वह्या राहतात. वीस-वीस वर्षांचा स्नेह अशा वेळी अबोल्यात संपतो आणि दोष कोणाचाच नसतो.

उपाय साधे आहेत. खाते मंडळाच्या नावाने असावे आणि दोन पदाधिकाऱ्यांच्या संयुक्त सहीने चालावे. त्यासाठी मंडळाची नोंदणी करून घ्यावी. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० अन्वये त्यास किमान सात सभासद पुरतात. मिळालेल्या प्रत्येक रकमेची पावती द्यावी. कोषाध्यक्षपद ठरावीक मुदतीने बदलावे आणि वार्षिक सभेत जमाखर्च मोठ्याने वाचून दाखवावा. हिशेब विचारणे हा अविश्वास नव्हे. हिशेब सांभाळणाऱ्या भगिनीला संशयापासून वाचविणारे तेच कवच आहे.

ही शिस्त अंगी बाणली की मंडळाला आपल्या उंबरठ्यापलीकडेही पाहता येते. आपल्या घरी धुणीभांडी करणारी बाई, कोपऱ्यावर भाजी विकणारी मावशी यांना सणाला साडी देणे चांगलेच. पण साडी विरते. दहा ते वीस महिलांचा बचत गट उभारून देणे अधिक टिकाऊ आहे. १९९२ मध्ये नाबार्डने ५०० गटांपासून बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला आणि तो देशभर पसरला. गटाची पंचसूत्री प्रसिद्ध आहे : नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि नियमित हिशेब. गट साधारण सहा महिने शिस्तीने चालला की तारण न मागता कर्ज देण्याचा विचार बँक करते. त्या वेळी बँक अधिकारी प्रथम गटाची वही पाहतो.

नेमकी ही वहीच अनेक गटांची अडचण असते. लिहिणारी कोणी नसते आणि लिहिले तर मेळ बसत नाही. आपल्या घरांतील सुना-लेकींना मात्र जमा-नावे, शिल्लक, व्याजाची आकारणी हे शिकवावे लागत नाही. दुकानाच्या गल्ल्याजवळ बसून त्या ते शिकलेल्या असतात. मंडळातील दोन भगिनींनी महिन्यातून एक दुपार एखाद्या गटासाठी दिली आणि तेथील एखाद्या मुलीला वही लिहिण्यास शिकविले, तर त्या दानाला वर्गणीही लागत नाही. ज्ञानदानाची महती आपल्या परंपरेने मोठी मानली आहे. बेरीज-वजाबाकीचे ज्ञानही त्यातच येते.

त्या दुपारी आपल्या मंडळाची वहीही सोबत न्यावी. शिकविण्यासाठी नमुना म्हणून ती दाखविता आली पाहिजे.