नकाशाआधी वारा पाहावा

स्प्लिटहून निघायचं, ह्वार, विस, कोर्चुला, म्ल्येत अशी बेटं करत दुब्रोव्निक गाठायचं आणि सात दिवसांत परत स्प्लिटला यायचं. क्रोएशियात शिडाची बोट भाड्याने घेऊन आठवडाभर फिरायचं ठरवणाऱ्या मित्रमंडळींचा पहिला बेत बहुधा असाच असतो. गणित मांडलं की तो कोलमडतो. बेटांच्या वळणाने जाऊन-येऊन हे अंतर सुमारे २२० सागरी मैल भरतं. बारा मीटर लांबीची बोट सरासरी पाच नॉटने, म्हणजे तासाला पाच सागरी मैल चालते असं धरलं तर ४४ तास झाले. शनिवारी संध्याकाळी बोट ताब्यात मिळते आणि बहुतेक कंपन्यांना ती पुढच्या शुक्रवारी संध्याकाळीच तळावर परत हवी असते. मधल्या सहा दिवसांत रोज सात-साडेसात तास नुसता प्रवास, तोही वारा अनुकूल राहिला तर.

असा बेत माणसांना दमवतो, आणि तो धोकादायकही आहे. शुक्रवारची मुदत गाठायच्या घाईत लोक ज्या हवेत बंदर सोडू नये, नेमक्या त्या हवेत बंदर सोडतात. म्हणून बेअरबोट चार्टरचा आठवडा आखताना ठिकाणांची यादी शेवटी यावी. आधी वारा, मग बोटीवरची माणसं, मग अंतर, आणि उरलं तर ठिकाणं.

बेअरबोट म्हणजे बोट मिळते, चालवणारा मिळत नाही. भाड्याने घेणाराच तिचा तांडेल. सुकाणू, नांगर, इंजिन, हवामानाचा अंदाज आणि बोटीवरच्या सात-आठ जिवांची जबाबदारी त्याच्यावर असते. हा व्यवसाय तसा जुना नाही. १९६९ साली कॅरिबियनमधल्या तोर्तोला बेटावर एका अमेरिकन जोडप्याने सहा बोटी घेऊन ‘द मूरिंग्ज’ ही कंपनी सुरू केली, तिथून तो जगभर पसरला. आज भाड्याच्या शिडाच्या बोटींच्या जगातल्या सर्वांत मोठ्या ताफ्यांपैकी एक क्रोएशियात आहे. त्याचं कारण भूगोल. हजाराहून अधिक बेटं आणि खडक किनाऱ्याला समांतर पसरलेले, दोन-तीन तासांवर पुढचं बंदर आणि पाणी काचेसारखं स्वच्छ. भरती-ओहोटीचा फरक स्प्लिटच्या आसपासच्या किनाऱ्यावर, मध्य दाल्मेशियात, अर्ध्या मीटरच्याही आत असतो. नवख्याला फसवणारी गोष्टही हीच आहे. इतका सौम्य दिसणारा समुद्र कधी रागावेल हे त्याच्या ध्यानातच येत नाही.

या किनाऱ्यावर वाऱ्यांना नावं आहेत. उन्हाळ्यात हवा स्थिर असली की सकाळी समुद्र जवळजवळ निपचित असतो. दुपारच्या आधी वायव्येकडून माएस्त्राल सुरू होतो, तिसऱ्या प्रहरी जोर धरतो आणि सूर्यास्ताला पडतो. कोकणातल्या माणसाला त्याची ओळख करून द्यावी लागणार नाही, जमीन तापल्यावर समुद्रावरून येणारा तो खारा वारा आहे. बूराची जात वेगळी. ईशान्येकडच्या डोंगरांवरची थंड हवा उतारावरून खाली कोसळते आणि झोताझोताने समुद्रावर आदळते, फारशी पूर्वसूचना न देता. हिवाळ्यात वेलेबित डोंगराच्या पायथ्याशी तिचे झोत ताशी २०० किलोमीटरच्या वर गेलेले आहेत. उन्हाळ्यातली बूरा सौम्य आणि थोड्या वेळाची, पण नीट न रुतलेल्या नांगरासकट बोट खडकांकडे सरकवायला तेवढी पुरते. किनाऱ्यालगतच्या मोसोर किंवा बियोकोव्हो डोंगराच्या माथ्यावर ढग टेकून बसले की तिथले जुने खलाशी दोर तपासायला लागतात.

युगो आग्नेयेकडून येतो आणि तो सावकाश वाढतो. हवा जड होते, वायुदाब उतरतो, मग ढग, पाऊस आणि दोन-तीन दिवस मोठ्या लाटा. जुन्या दुब्रोव्निक प्रजासत्ताकात युगो वाहत असताना महत्त्वाचे निर्णय घेत नसत, असं तिथे आजही सांगतात. नेवेरा म्हणजे उन्हाळी विजांचं वादळ. ते पश्चिमेकडून येतं, तासाभरात सगळं उलटंपालटं करून निघून जातं. एका आठवड्यात यातला एखादा तरी पाहुणा भेटणार, असं धरूनच बेत आखायला हवा.

याचा अर्थ कळायला विस बेट पुरेसं आहे. या एका बेटावर दोन मुख्य गावं, दोन मुख्य बंदरं. विस गावाची खाडी ईशान्येला उघडते, कोमिझाची पश्चिमेला. एका हवेत निवांत झोप देणारं बंदर दुसऱ्या हवेत रात्रभर जागं ठेवतं. म्हणजे ‘सोमवारी कोमिझा’ असं दोन महिने आधी लिहून ठेवण्याला अर्थ नाही. ‘सोमवारी विस बेट, कुठल्या बाजूला ते सकाळचा अंदाज पाहून’ असं लिहिलं तर त्याला बेत म्हणता येईल. शेजारच्या बिशेवो बेटावरच्या प्रसिद्ध निळ्या गुहेचंही तसंच. तिचं तोंड इतकं ठेंगणं आहे की आत फक्त छोट्या होड्या जातात, आणि समुद्र खवळला की गुहा बंद ठेवतात. तिच्यासाठी वाट वाकडी करावी, तिच्यासाठी आठवडा बांधून घेऊ नये.

मग शहाणपणाचा आठवडा कसा दिसतो? स्प्लिटहून रविवारी ब्राच बेटावरचं मिल्ना, अकरा-बारा मैलांवर. पहिला दिवस लहानच हवा, कारण बोट परकी असते आणि अर्ध्या लोकांना पोटात ढवळत असतं. हवा चांगली असेल तर सोमवारी विस, साधारण वीस मैल, आणि तिथे दोन रात्री. दुसऱ्या महायुद्धानंतर हे बेट युगोस्लाव्ह लष्कराचा तळ झालं आणि १९८९ पर्यंत परदेशी माणसाला तिथे पाऊल ठेवता येत नव्हतं. त्यामुळे तिथली गावं अजून पर्यटनाखाली दबलेली नाहीत. पुढे ह्वारसमोरची पाक्लेनी बेटं, मग ह्वारच्या उत्तरेला लांब खाडीच्या टोकाशी वसलेलं स्तारी ग्राद. पारोस बेटावरच्या ग्रीकांनी इसवी सनापूर्वी ३८४ मध्ये ही वसाहत स्थापली. त्यांनी दगडी बांध घालून आखलेली शेतं आजही कसली जातात, आणि २००८ पासून ती जागतिक वारशात आहेत. द्राक्ष आणि ऑलिव्हच्या त्या शेतांतून सायकलने फिरण्यात घालवलेला अर्धा दिवस दुब्रोव्निकच्या गर्दीतल्या दोन तासांपेक्षा कितीतरी मोलाचा. सगळं मिळून शंभर मैलांच्या आसपास, आणि एक पूर्ण दिवस मोकळा. तो दिवस वाऱ्यासाठी राखलेला. वारा नडला नाही तर पोहावं, वाचावं, पुन्हा त्याच खाडीत राहावं.

गुरुवारची रात्र तळापासून तीन-चार तासांच्या अंतरात काढणं मात्र सोडू नये. शुक्रवारी दुपारनंतर डिझेलच्या धक्क्यावर बोटींची रांग लागते. टाकी भरल्याशिवाय बोट परत करता येत नाही.

कागदपत्रांत अनेकांचा बेत अडतो. क्रोएशियात बोट चालवणाऱ्याकडे मान्यताप्राप्त परवाना आणि सोबत व्हीएचएफ रेडिओचं प्रमाणपत्र लागतं. कुठल्या देशाची कुठली प्रमाणपत्रं चालतात याची यादी तिथलं मंत्रालय प्रसिद्ध करतं. आगाऊ रक्कम भरण्याआधी आपल्या प्रमाणपत्राची प्रत कंपनीला पाठवून लेखी होकार घ्यावा. तोंडी ‘चालेल’वर विसंबून राहिलं तर धक्क्यावर ऐनवेळी तांडेल शोधत फिरावं लागतं. भारतीय पारपत्रावर शेंगेन व्हिसाही लागतो, १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया त्या व्यवस्थेत आहे आणि तिथलं चलन युरो आहे. बोटीवरच्या प्रत्येकाचं नाव यादीत आधी द्यावं लागतं, त्यामुळे ‘ऐनवेळी भाऊजीही येतील’ हे जमत नाही.

परवाना असला म्हणजे बोट चालवता येते असं मात्र नाही. ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनचा डे स्किपरचा प्रात्यक्षिक अभ्यासक्रम पाच दिवसांचा असतो. तो पाया आहे, तेवढ्यावर आठ माणसं घेऊन अनोळखी किनाऱ्यावर जाणं म्हणजे धाडस. मुंबई बंदरात किंवा गोव्यात शीड हाकायला शिकलेल्या माणसाला उधाणाची भरती, मोठी जहाजं, कोळ्यांची जाळी यांची सवय असते. भूमध्यसागरी बंदरातली खरी परीक्षा वेगळी. तिथे बोट धक्क्याला आडवी लावत नाहीत. ती उलटी, मागची बाजू धक्क्याकडे करून, दोन बोटींमधल्या चिंचोळ्या जागेत शिरवतात आणि पाण्याखालून वर आलेला दोर पुढच्या बाजूला बांधतात. आडवा वारा, दोन्हीकडे लाखमोलाच्या बोटी आणि धक्क्यावरच्या उपाहारगृहात बसलेले प्रेक्षक, अशा वेळी सवय नसलेला माणूस गोंधळतो. म्हणून नवख्यांनी पहिले दोन-तीन दिवस स्थानिक तांडेल पगारावर घ्यावा. त्याला एक झोपायची जागा आणि जेवण द्यावं लागतं. तेवढ्यात तो उलटं लावणं घोटून घेतो, आणि नांगर हिरव्या गवतावर न टाकता वाळूच्या फिकट पट्ट्यावर टाकायला शिकवतो. समुद्रतळाचं ते पॉसिडोनिया गवत माशांचं पाळणाघर आहे, आणि त्यात नांगर धडपणे रुततही नाही. हा खर्च अनाठायी वाटत असेल तर भाड्याच्या बोटीवर दीड ते तीन हजार युरोंची अनामत सहज अडकते, हे लक्षात ठेवावं.

त्याहून नाजूक बाब म्हणजे बोटीवर शब्द कोणाचा. मराठी घरांच्या सहलीत वयाने मोठ्या माणसाचं म्हणणं मोडत नाहीत, आणि घरात ते शोभतंही. बोटीवर ‘आज निघायचं नाही’ असं पंचविशीतली पुतणी म्हणाली आणि परवाना तिच्याकडे असेल तर काकांनी ऐकायला हवं. हे निघण्याआधीच, जेवणाच्या टेबलाशी बसून, सगळ्यांसमोर ठरवून घ्यावं. तांडेलाला काही झालं तर इंजिन बंद करणं, शीड गुंडाळणं, रेडिओच्या १६ व्या चॅनेलवर मदत मागणं आणि क्रोएशियाच्या सागरी बचावासाठीचा १९५ हा क्रमांक लावणं एवढं दुसऱ्या एकाला तरी यायलाच हवं. कमांडर दिलीप दोंदे २००९ साली मुंबईहून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले, त्याआधी गोव्यात बांधलेली ‘म्हादेई’ घेऊन ते मॉरिशसपर्यंत जाऊन आले होते. इतक्या कसलेल्या नौदल अधिकाऱ्याला तालमीची गरज वाटली. हौशी मंडळींनी निदान दोन दिवस एकत्र कुठेतरी शीड हाकून पाहावं.

बाकी गोष्टी सोप्या. मऊ पिशव्या न्याव्यात, टणक बॅगा ठेवायला जागा नसते. पाण्याची टाकी तीन-चारशे लिटरची, त्यामुळे आंघोळ समुद्रात आणि गोड पाणी शेवटच्या तांब्यापुरतं. मे-जून किंवा सप्टेंबर निवडावा. जुलै-ऑगस्टमध्ये भाडं चढतं आणि चांगली बंदरं दुपारी तीनलाच भरतात. भाड्याबाहेर डिझेल, बंदराचं शुल्क, शेवटची साफसफाई, पर्यटन कर आणि राष्ट्रीय उद्यानांची तिकिटं येतात, ती आधीच बेरजेत धरावीत.

हे सगळं करायला क्रोएशियाच्या ॲड्रिएटिक समुद्रापर्यंत का जावं लागतं, हा प्रश्न रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या माणसाला पडायलाच हवा. पावसाळा सरला की इथेही दुपारी वायव्येचा खारा वारा येतो, पहाटे मतलई वारा उलटा वाहतो. जयगड, विजयदुर्ग, देवगड इथे बोटीला आसरा देणाऱ्या खाड्या आहेत, आणि समुद्रातून सुवर्णदुर्ग पाहिल्यावर त्याची जागा का निवडली ते एका नजरेत कळतं. अडचणीही खऱ्या आहेत. भरती-ओहोटीचा मोठा फरक, गाळाने भरलेली मुखं, पाण्यात रोवलेली डोल जाळी आणि जूनपासून बंद होणारा समुद्र. पण भरतीबरोबर वरखाली होणारे तरंगते धक्के, तिथे गोडं पाणी आणि डिझेल, खाड्यांच्या खोलीचे अद्ययावत नकाशे आणि जाळी कुठे लागली आहेत हे सांगणारी कोळीवाड्यांशी जोडलेली यंत्रणा या गोष्टी अशक्य कोटीतल्या नाहीत. त्यासाठी पाच तारांकित मरीनांची वाट पाहत बसायला नको. तीन खाड्यांत वीस-वीस बोटींचे साधे तरंगते धक्के झाले, आणि किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या मुलांना तांडेलकीचं मान्य प्रमाणपत्र मिळू लागलं, तर ऑक्टोबर ते मेच्या मोसमात जयगड ते मालवणचा आठवडा आखता येईल. राज्याच्या सागरी मंडळाने सुरुवात तिथून करावी.