ओल घरात, ठपका भाडेकरूवर

इंग्लंडमधील रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा श्वसनविकाराने दगावला. घरातील बुरशीच्या दीर्घ संपर्कामुळेच हा विकार जडला, असा निष्कर्ष चौकशी करणाऱ्या कोरोनरने नोव्हेंबर २०२२ मध्ये दिला.

मूळच्या सुदानी असलेल्या या कुटुंबाने २०१७ पासूनच तक्रार केली होती. घर देणाऱ्या संस्थेने सांगितले, वरून रंग मारा. दोष कुटुंबाच्या राहणीवर, अगदी आंघोळीच्या पद्धतीवरही ढकलला गेला. प्रत्यक्षात स्वयंपाकघरातून आणि न्हाणीघरातून वाफ बाहेर जाण्याची पुरेशी सोयच नव्हती. अशी कोंडलेली वाफ थंड भिंतीवर पाणी होऊन साचते आणि तिथे बुरशी धरते.

आम्हाला हे परके वाटत नाही. ‘ही माणसंच अशी राहतात’ हे आपल्या वस्त्यांनी पिढ्यानपिढ्या ऐकले आहे. एकदा माणसाच्या चालीरीतीला नावे ठेवली की घराची दुरुस्ती टाळता येते.

आईवडिलांच्या लढ्यामुळे २०२३ मध्ये कायदा झाला. ‘अवाबचा कायदा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्यातील तरतुदी इंग्लंडच्या सामाजिक घरांना २७ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाल्या. जिवावरचा धोका २४ तासांत दूर करायचा आणि आरोग्याला घातक ओलीची पाहणी १० कामकाजी दिवसांत करायची, हे आता घरमालक संस्थेवर बंधनकारक आहे.

या कायद्याचे मर्म मुदतीत आहे. नुसत्या सहानुभूतीने भिंत सुकत नाही. आपल्याकडेही भाडेकरूच्या तक्रारीला तारखेचे उत्तर मिळाले पाहिजे आणि तपासणी आधी भिंतीची झाली पाहिजे, भाडेकरूची नव्हे.