नळी कुणाच्या मालकीची?

रोहे आणि अष्टमी ही कुंडलिकेच्या दोन काठांवरची जुळी गावे. नगरपालिका एक, बाजारपेठ एक, आणि गंभीर आजारपणातली वाटही एकच. अष्टमीतल्या एखाद्या माणसाचे पहाटे अकस्मात तोंड वाकडे झाले, वाचा अडखळली, तर घरच्यांची पहिली धावपळ वाहनासाठी होते. दुसरी रस्त्याशी झुंज. मेंदूची शस्त्रक्रिया करावयाची तर पनवेल अथवा मुंबई गाठणे आले. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणास 2011 साली हात घातला गेला आणि दशक उलटले तरी ते काम पुरे झाले नव्हते, हे कोकणातल्या वाचकाला सांगायला नको. कवटीत साचणारे रक्त ठेकेदाराच्या सवडीने साचत नाही.

अशा परिस्थितीत मेंदूच्या शस्त्रक्रियेतील एका नव्या उपकरणाविषयी बोलणे पुष्कळ कार्यकर्त्यांना चैनीचे वाटेल. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आणा, मग मेंदूच्या गोष्टी करा, हा युक्तिवाद चळवळीत नेहमी ऐकू येतो. त्यामागील तळमळ खरी आहे. परंतु त्यातून नकळत एक वाटणी मान्य केली जाते: साधे उपचार गरिबांचे आणि सूक्ष्म उपचार श्रीमंतांचे. ही वाटणी समाजवाद्यांनी तरी निमूटपणे पत्करू नये.

उपकरण आहे तरी काय? मेंदूत खोलवर असलेली गाठ किंवा रक्ताची गुठळी काढण्यासाठी वरचा निरोगी मेंदू बाजूला धरून ठेवावा लागतो. त्यासाठी शल्यविशारद धातूच्या चपट्या पट्ट्या वापरीत आले. झुरिकचे यासरगिल यांनी अशी पट्टी तासन्‌तास स्थिर धरणारा सांधेदार हात प्रचारात आणला आणि त्याला आपल्या मुलीचे, लैलाचे, नाव दिले. सहाय्यकाचा हात मोकळा झाला. पण पट्टीचा दाब काही चुकला नाही. मेंदू लोण्यासारखा मऊ आणि कवटी तर बंद पेटी. पट्टीच्या कडेखाली रक्तवाहिन्या चेपतात, रक्तपुरवठा खुंटतो आणि जो भाग निरोगी होता तोच जखमी होतो. 1993 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात कवटीच्या तळाशी होणाऱ्या शस्त्रक्रियांत अशा इजेचे प्रमाण सुमारे 10 टक्के सांगितले होते.

यावरचा उपाय म्हणजे नळी. अमेरिकेत पॅट्रिक केली यांनी 1980 नंतरच्या दशकात दंडगोल आकाराची साधने वापरली. पुढे पारदर्शक प्लॅस्टिकच्या नळ्या आल्या. बोथट टोकाची ही नळी मेंदूच्या वळ्यांमधील नैसर्गिक फटीतून हळूहळू आत सरकते, तंतू तोडण्याऐवजी विलग करते आणि दाब एका कडेवर न पडता सभोवार वाटला जातो. त्या नळीतूनच सूक्ष्मदर्शकाखाली गुठळी शोषून घेतात.

याचा लाभ किती, हेही तपासून पाहिले पाहिजे. एप्रिल 2024 मध्ये अमेरिकेतील 300 रुग्णांवरील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रक्तस्रावानंतर 24 तासांच्या आत नळीवाटे शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 9.3 टक्के रुग्ण महिन्याभरात दगावले. केवळ औषधोपचार झालेल्यांत हे प्रमाण 18 टक्के होते. चाचणीचा खर्च नळी बनविणाऱ्या कंपनीनेच केला होता, ही बाब नजरेआड करता येत नाही. शिवाय लाभ दिसला तो मेंदूच्या पृष्ठभागालगतच्या रक्तस्रावात. खोल गाभ्यातील रक्तस्रावात तो दिसला नाही, आणि वाढलेल्या रक्तदाबामुळे होणारा रक्तस्राव बहुधा याच गाभ्यात होतो. तेथे खरे औषध म्हणजे रक्तदाबाची रोजची स्वस्त गोळी. धाटावच्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या कंत्राटी कामगाराचा रक्तदाब कुणी नियमित मोजतो काय, हा प्रश्न म्हणून नळीच्या प्रश्नापासून तोडता येत नाही. गोळी आणि नळी यांत निवड करण्याचे कारण नाही, दोन्ही हव्यात.

मग अडते कुठे? नळी ही अखेर प्लॅस्टिकची नळी आहे. विकसनशील देशांतील काही शल्यविशारदांनी इंजेक्शनची साधी पिचकारी कापून, निर्जंतुक करून तेच काम साधल्याची वर्णने वैद्यकीय नियतकालिकांत आली आहेत. महाग आहे ती नळीभोवतीची मक्तेदारी: पेटंट, आयात, आणि एकदा वापरून फेकून देण्याची अट. ती मोडता येते याचा दाखला देशातच आहे. त्रिवेंद्रमच्या श्रीचित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे अपयश पचवून हृदयाची कृत्रिम झडप घडविली. डिसेंबर 1990 मध्ये ती प्रथम रुग्णाला बसविली गेली आणि पुढे परदेशी झडपेच्या तुलनेत फार कमी किमतीत हजारो रुग्णांना मिळाली. सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या संस्थेला हृदयाची झडप जमते, तर मेंदूची नळी का जमू नये? किंमत नियंत्रणाचाही पूर्वानुभव आहे. फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्राने हृदयाच्या स्टेंटच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली, तेव्हा औषध लावलेला स्टेंट 29,600 रुपयांवर आला. त्यापूर्वी रुग्णांच्या खिशातून किती नफा उपसला जात होता, हे त्या एका आदेशाने उघड केले.

नळी हाती आली म्हणजे शस्त्रक्रिया जमली, असे मात्र नव्हे. रॉबर्ट स्पेट्झलर यांनी 2012 साली पट्टीचा स्थिर आधार न घेताही अवघड शस्त्रक्रिया करता येतात असे मांडले. रुग्णाचे डोके योग्य कोनात ठेवले की गुरुत्वाकर्षणच मेंदू बाजूला सारते. म्हणजे अखेरची भिस्त प्रशिक्षित हातावर. असे हात मुंबईच्या के.ई.एम. आणि शीव रुग्णालयांत, म्हणजे पालिकेच्या पैशावर, पिढ्यान्‌पिढ्या घडत आले. घडून झाल्यावर त्यांतले बरेचसे कुठे जातात, हे सर्वज्ञात आहे.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कार्ड हाती असूनही रोहेकराला सव्वाशे किलोमीटरांचा प्रवास चुकत नाही, कारण विमा पैसे देतो, शस्त्रक्रियागृह बांधीत नाही. अलिबागला 2021-22 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तेथे चोवीस तास चालणारे सी.टी. स्कॅन, मेंदू शल्यविभाग आणि मुंबईच्या पालिका रुग्णालयांतून पाळीपाळीने येणारे प्रशिक्षित शल्यविशारद मिळावेत, आणि नळीचे उत्पादन सार्वजनिक क्षेत्रात व्हावे, या मागण्या रोहे तालुक्यातील कार्यकर्त्यांनी जिल्हा नियोजन समितीपुढे लेखी स्वरूपात मांडाव्यात. धाटावच्या कामगार संघटनांनी त्यांत रक्तदाब तपासणीची मागणी जोडावी आणि तिचा खर्च कारखानदारांकडून वसूल करण्याचा आग्रह धरावा.