आरोग्याची शिदोरी : जबड्याचे हाड झिजले, आता दात बसतील का?

वाचकहो, परवा चाकणजवळच्या एका वस्तीवर जेवायला बसलो होतो. सगळ्यांच्या पानात बाजरीची भाकरी होती. घरच्या आजी मात्र भाकरी दुधात कुस्करून खात होत्या. खालची कवळी डब्यात पडून. ‘घातली की बोलताना उडते बघा,’ त्या म्हणाल्या. मुलगा कारखान्यात कामाला आहे. त्याने आईला दोन दवाखान्यांत दाखवले. एकाने सांगितले, ‘हाड उरले नाही, इम्प्लांट बसणार नाही.’ दुसऱ्याने मोठे ऑपरेशन सांगितले. खर्च ऐकून आजींनी विषयच मिटवला. ‘तो पैसा नातीच्या लग्नाला ठेव,’ म्हणाल्या.

खरे तर या दोन टोकांच्या मध्ये बरेच मार्ग आहेत.

बांधावरचे झाड मुळासकट उपटले की तिथली माती पावसागणिक वाहून जाते. दाताचेही तसेच आहे. मुळावर चावण्याचा भार येतो तोवर हाड टिकते. दात काढला की ते झिजू लागते आणि पहिल्या वर्षात सर्वांत जास्त झिजते. पुढे वर्षानुवर्षे नुसती कवळी वापरली की आणखी खाली जाते.

इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियम धातूचा स्क्रू. त्यावर दात चढवतात. हा धातू हाडाशी एकजीव होतो, हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क या संशोधकाला 1952 साली सशाच्या हाडावर प्रयोग करताना दिसले. 1965 साली त्याने पहिल्या माणसाला असे दात बसवले.

आता हाड कमी असेल तर काय? सोप्यापासून सुरुवात करू.

खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला हाड बहुधा शिल्लक असते. तिथे दोन स्क्रू बसवून त्यांवर काढती-घालती कवळी बटणासारखी अडकवता येते. ती उडत नाही आणि पूर्ण जबड्याला पक्के दात बसवण्यापेक्षा खर्चही कमी येतो. हाडाची उंची कमी असेल तर आखूड स्क्रू मिळतात. मागे हाड नसेल तर पुढच्या हाडात तिरपे स्क्रू घालून चार स्क्रूंवर सगळी दातपंगत उभी करतात.

हे जमत नसेल तर हाडाची भर घालावी लागते. वरच्या जबड्यात मागे, नाकाशेजारच्या पोकळीचा तळ उचलून तिथे भर घालतात. ती भरायला बरेच महिने लागतात. ही भर कधी स्वतःच्या हाडाची असते, कधी गुराच्या हाडावर प्रक्रिया करून केलेल्या पुडीची, तर कधी कृत्रिम. ज्यांना गुराच्या हाडाची चालत नसेल त्यांनी आधीच सांगावे. वरचे हाड अगदीच संपले असेल तर गालाच्या हाडात लांब स्क्रू रोवतात. ते मोठे ऑपरेशन आहे, त्यातल्या जाणकाराकडेच करावे.

मायबहिणींनो, एक गोष्ट मनावर घ्या. मशेरी, तंबाखू, विडी चालू ठेवून इम्प्लांट बसवणे म्हणजे वाळवी लागल्या जागी खांब रोवणे. मशेरीने दात स्वच्छ होत नाहीत, उलट हिरड्या खराब होतात आणि तोंडाच्या कर्करोगाचाही धोका असतो. साखर आटोक्यात नसेल तर जखम लवकर भरत नाही. हाडे ठिसूळ झाली म्हणून इंजेक्शने किंवा गोळ्या घेतल्या असतील तर डॉक्टरांना अवश्य सांगा.

पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारा. हाड मोजणारा थ्री-डी एक्स-रे काढणार का? दोन स्क्रूंवर भागेल का? एकूण खर्च किती, त्यात दातही धरले आहेत का? स्क्रू टिकला नाही तर पुढे काय? हे सारे कागदावर लिहून घ्या. शक्य असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचेही मत घ्या. पिंपरीत डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. चाकणहून मोशी, भोसरीवरून तिथे जाता येते. शिकवण्याच्या रुग्णालयात वेळ थोडा जास्त जातो, पण खर्च सहसा कमी येतो.

निघताना आजींना म्हणालो, ‘आजी, मशेरीचा डबा आजच टाकून द्या. आणि एकदा खालच्या दोन स्क्रूंचे विचारून तर या.’ आजी हसल्या. मुलगा म्हणाला, ‘आई, लग्नातली पुरणपोळी दुधात कुस्करून खायची आहे का तुला?’