मुंबई ते नागपूर : कुणाच्या घड्याळाने मोजायचे?



मुंबईहून नागपूर किती लांब, असे विचारले तर तीन माणसे तीन उत्तरे देतील. विमानातला शेठ म्हणेल, दीड तास. मोटारवाला म्हणेल, आठ तास. आणि आपला गिरणीवाला म्हणेल, तिकीट मिळालं तर एक रात्र, नाही मिळालं तर देवाला ठाऊक!

मी चौथी शिकलेला माणूस. पण हिशेब मला कळतो. सरळ रेघ ओढली तर हवेतून अंतर सुमारे ६८० किलोमीटर. रेल्वेने ८३७. नाशिक, धुळे, अकोला, अमरावती करीत जुन्या सडकेने आठशेच्या वर, आणि पंधरा-सोळा तास. आता समृद्धी महामार्ग झाला. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी खुला झाला, आणि ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा. लांबी ७०१ किलोमीटर. म्हणजे पाखराच्या वाटेहून जेमतेम वीसेक जास्त! रस्ता चांगला आहे, मी नाकारीत नाही. मजुरांच्या घामाने झाला, दहा जिल्ह्यांतली जमीन त्यात गेली.

पण बाबांनो, तो मुंबईत सुरू होत नाही, भिवंडी तालुक्यातल्या आमणे गावी होतो. त्यावर दुचाकीला बंदी, तीनचाकीला बंदी. मोटार पाहिजे, पेट्रोल पाहिजे, वर टोल. आणि विमानाचे दीड तास? तेही हवेतलेच! लालबागेतून विमानतळ, तिथे आधी हजेरी, उतरून पुन्हा घर गाठायचं. चार-पाच तास जातातच. तेसुद्धा ज्याच्या खिशात भाडं आहे त्याचे.

माझी थोरली बहीण नागपुरास दिली आहे. २०२३ साली मेव्हणे वारले. निरोप आला तेव्हा मी रातपाळीवरून सुटत होतो. विमानाचं त्या दिवसाचं भाडं विचारलं, तर माझा निम्मा पगार! गाडीचं रिझर्वेशन संपलेलं. संध्याकाळच्या गाडीला जनरल डब्यात शिरलो, भुसावळपर्यंत एका पायावर उभा. पोचलो तेव्हा राख निवली होती. ताई काही बोलली नाही. नुसता पाण्याचा तांब्या हातात दिला.

२८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला. दरसाल विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपुरास भरवायचं ठरलं. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. त्यासाठी हुतात्म्यांनी छातीवर गोळ्या झेलल्या, त्या काय पुढाऱ्यांनी विमानाने अधिवेशनाला जावं म्हणून? नागपुरात एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली. तिथला विणकर आणि गिरणगावचा विणकर एकाच ताण्या-बाण्याचे. त्यांच्यात एका रात्रीचं अंतर, आणि साहेबांना दीड तासाचं. मग राज्य एक झालं कुणासाठी?

म्हणून आमची मागणी साधी आहे. नागपूरच्या गाड्यांना जनरल डबे वाढवा. महामार्गावरून कामगाराला परवडेल अशा भाड्यात रोज एस्टी सोडा. आणि घरात मयत झाली तर जाण्या-येण्याचे दिवस भरपगारी रजेत धरा.

अंतर किलोमीटरने मोजू नका. ताईच्या दारात भाऊ वेळेवर पोचतो की नाही, यावर मोजा!

जय महाराष्ट्र! कामगार एकजुटीचा विजय असो!