"दादा, फॉरमॅट मारू का?"

या प्रश्नाइतका धोकादायक प्रश्न शूटिंगच्या धंद्यात दुसरा नसेल. आणि त्याला फोनवर "हो, मार" असं उत्तर देणारा माणूस मी स्वतः होतो, हे आधीच कबूल करून टाकतो. म्हणजे पुढे जे तावातावाने लिहिणार आहे ते निव्वळ दुसऱ्यांना शहाणपण शिकवायला नाही, हे तुमच्या लक्षात येईल. (थोडं शिकवायलाही आहे. असो.)

तर झालं असं. आम्ही देहूचे. ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांच्या पालखीचं प्रस्थान असतं, त्या दिवशी गावात पाय ठेवायला जागा नसते. आमच्या शेजारचे आप्पा एका दिंडीचे वर्षानुवर्षांचे वीणेकरी. दोन वर्षांपूर्वी त्यांनी जाहीर केलं, "यंदा शेवटचं. पुढच्या वर्षी वीणा दुसऱ्याच्या गळ्यात." घरच्यांनी हौसेने ओळखीच्या एका पोराला शूटिंगला सांगितलं. लग्नाचं शूटिंग करणारं पोरगं, जुना पण दणकट एव्हीसीएचडी कॅमेरा, दोन कार्डं. एक सकाळी भरलं, एक दुपारनंतर.

रात्री त्याचा मला फोन. "दादा, कार्डात लई फोल्डर दिसतायत, काय काय घेऊ?" मी ऑफिसच्या कॉलवर. एका कानाने ऐकून म्हटलं, "स्ट्रीम नावाचं फोल्डर असेल, त्यातल्या एमटीएस फाईल्स घे. बाकी कचरा असतो." तासाभराने परत फोन. "घेतल्या. उद्या भोसरीत लग्न आहे, फॉरमॅट मारू का?" मी म्हणालो, "मार."

आप्पा त्याच वर्षी दिवाळीच्या आधी गेले. तेराव्याला लावू म्हणून फोल्डर उघडलं तर फक्त दुपारनंतरचं शूटिंग. सकाळचं भजन, गळ्यात वीणा घेतलेले आप्पा... काहीच नाही.

कारण शोधायला मला दहा मिनिटं लागली. दोन्ही कार्डं शूटिंगच्या आधी फॉरमॅट केलेली, त्यामुळे दोन्हींवर फाईल्सचे नंबर शून्यापासून. पोराने दोन्ही कार्डं एकाच फोल्डरमध्ये ओतली. विंडोजने विचारलं, या नावाची फाईल आधीच आहे, बदलू का? त्याला वाटलं तीच फाईल परत येतेय. सगळ्यांना "हो". दुपारच्या फाईल्स संख्येने जास्त होत्या, त्यामुळे सकाळची एकही वाचली नाही. फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर असतं, ते कार्डावर चालवून बघितलं. पण त्या कार्डावर तोवर एक लग्न, दोन बारशी आणि अख्खा गणपती शूट झाला होता. जिथे आप्पांचा आवाज होता तिथे हळदीचा डीजे निघाला.

आता मुद्द्यावर येतो. यावर मला लोकांनी काय सांगितलं माहितीये? "कार्डच डुप्लिकेट असणार." "कॉम्प्युटरला व्हायरस असेल." "नशीब रे, दुसरं काय." माझं म्हणणं सरळ आहे: कार्ड चांगलं होतं, कॉम्प्युटर चांगला होता, नशिबाचाही काही संबंध नव्हता. दोन माणसांनी एक काम फालतू समजून केलं. त्यातला एक इंजिनियर होता.

पहिली चूक म्हणजे "बाकी कचरा असतो" हे माझं वाक्य. कॅमेऱ्याचं कार्ड म्हणजे गाणी भरलेला पेन ड्राईव्ह नव्हे. एव्हीसीएचडीमध्ये लांब शॉटचे २ किंवा ४ जीबीला तुकडे पडतात. सेकंदाला २४ मेगाबिटने शूट केलं तर ४ जीबी साधारण २२ मिनिटांत भरतात, म्हणजे दीड तासाच्या कीर्तनाचे पाच तुकडे. हे पाच मिळून एकच शॉट आहे, हे ज्या फाईल्समध्ये लिहिलेलं असतं त्यांनाच मी कचरा म्हणालो. नुसते तुकडे हाताने जोडले की जोडावर आवाज तुटतो. पॅनासोनिकच्या पी२ कार्डात तर कहर आहे. व्हिडिओ एका फोल्डरमध्ये, आवाजाच्या प्रत्येक ट्रॅकची वेगळी फाईल दुसऱ्या फोल्डरमध्ये, आणि त्यांची सोयरीक जुळवणारी माहिती तिसरीकडे. नुसतं व्हिडिओचं फोल्डर उचललंत तर हाती येतो मूकपट. सोनीच्या एक्सडीकॅम ईएक्समध्ये बीपीएव्ही नावाचं फोल्डर असतं, ते सुद्धा अख्खंच उचलायचं.

कॅमेरा कंपन्यांनाही सोडायचं कारण नाही. फॅट३२ मध्ये ४ जीबीच्या वर फाईल मावत नव्हती, तोवर तुकड्यांचं समजू शकतो. पण लाखांच्या कॅमेऱ्याने कार्ड फॉरमॅट केलं की परत एकपासून नंबर मारायचे, आणि ते बदलायचा पर्याय मेनूच्या सातव्या मजल्यावर दडवायचा, हा कुठला न्याय? पण कंपनीला शिव्या देऊन फूटेज परत येत नाही.

दुसरी सबब: "एवढा वेळ कुठाय?" चला, हिशोब करू. १२८ जीबीचं कार्ड जुन्या यूएसबी २ केबलने सेकंदाला ३५ एमबी वेगाने उतरवलं तर तास लागतो. बऱ्या यूएसबी ३ रीडरने ९० एमबी मिळाले तर २४ मिनिटं. त्या रीडरची किंमत लग्नातल्या फेट्यांच्या खर्चापेक्षा कमी असते. ड्रोनला पैसे आहेत, क्रेनला पैसे आहेत, दुसऱ्या हार्ड डिस्कचं नाव काढलं की "बघू पुढच्या सीझनला".

तिसरी सबब सगळ्यात आधुनिक: "यूट्यूबवर लाईव्ह होतं की!" लाईव्हमध्ये पालखी असते हो, तुमचे आप्पा नसतात. आणि व्हॉट्सॅपवर पाठवलेला, पिळून बारीक केलेला व्हिडिओ म्हणजे बॅकअप नव्हे.

पण सगळ्यात जास्त राग मला आपल्याच जमातीचा येतो. ऑफिसात एक ओळ बदलायची तर तिकीट लागतं, दोघांनी रिव्ह्यू करायचा, आधी टेस्ट सर्व्हरवर टाकायचं, बिघडलं तर मागे कसं फिरायचं ते लिहून द्यायचं. कुणीही न वाचलेले लॉगसुद्धा तीन ठिकाणी जपतो. आणि घरी? आजीचा व्हिडिओ "कट" करून "पेस्ट". मध्ये लाईट गेली तर आजी अर्धी इथे, अर्धी तिथे. तळवड्यात किंवा हिंजवडीत बसून दुसऱ्याच्या बँकेचा डेटा सांभाळायचा आणि आपल्या घरचा उघड्यावर टाकायचा, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

मग करायचं काय? अवघड काहीच नाही. प्रत्येक कार्डासाठी वेगळं फोल्डर, त्यावर तारीख आणि कार्ड नंबर. कार्डावर जे दिसतं ते सगळं, जसंच्या तसं कॉपी. "कट" हा शब्द विसरा. मग पडताळणी. फाईल्सची संख्या आणि एकूण साईझ जुळणं ही किमान गोष्ट, पण साईझ सारखी म्हणजे आतला माल सारखा असं नसतं. टेराकॉपीत पडताळणीची सोय आहे, नाहीतर विंडोजमध्येच सर्टयुटिल आहे, त्याने दोन्हीकडच्या फाईलचा एमडी५ काढून ताडा. मग दुसऱ्या डिस्कवर दुसरी प्रत, तीही ताडून. मग दोन-चार क्लिप्स मधूनच चालवून बघा. आणि मगच, फक्त मगच, फॉरमॅट. तेही कॅमेऱ्यात.

कार्ड लावल्यावर कॉम्प्युटर म्हणाला "ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल", तर घाबरून "ओके" दाबू नका. आधी केबल आणि रीडर बदला. यूडीएफ पद्धतीने फॉरमॅट झालेली काही कार्डं ड्रायव्हरशिवाय नीट वाचलीच जात नाहीत. आवाज येतोय पण चित्र काळं असेल तर बहुतेक वेळा फाईल खराब नसते, तुमच्या मशीनला १० बिटचं एच.२६५ झेपत नसतं. व्हीएलसीमध्ये लावून बघा. शूटिंगमध्ये बॅटरी गेली आणि एमपी४ उघडत नसेल, तर शेवटी लिहायची अनुक्रमणिका राहून गेलेली असते. कार्ड परत त्याच कॅमेऱ्यात घाला, पुष्कळ कॅमेरे स्वतःच दुरुस्ती करू का विचारतात. आणि चुकून काही उडालंच तर त्या कार्डावर एक सेकंदही शूट करू नका. हा एक नियम आम्हाला वेळेत सुचला असता तर आप्पा वाचले असते. व्हिडिओतले तरी.

देहूत राहून एक गोष्ट रोज डोळ्यासमोर असते. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या आणि तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या, असं परंपरा सांगते. तो चमत्कार मानायचा की नाही हे ज्याचं त्याचं. पण मला त्यातली दुसरी बाजू जास्त भावते. चाकणच्या संताजी जगनाड्यांनी अभंग लिहून ठेवले होते, टाळकऱ्यांना ते तोंडपाठ होते. एक प्रत देहूत, एक चाकणला, बाकीच्या गावोगावच्या गळ्यांत. तीन प्रती, दोन प्रकारच्या जागी, एक घराबाहेर हा नियम आपण आज इंग्रजी पुस्तकातून शिकतो. उलट उदाहरणही जवळचंच आहे. ८ जानेवारी २००३ ला पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातच्या काळातल्या कितीतरी मूळ फिल्म गेल्या. प्रभातचा १९३६ चा 'संत तुकाराम' आज बघता येतो, कारण त्याची प्रत उरली. जे वाचतं ते प्रत असल्यामुळे वाचतं. आपल्या कार्डासाठी इंद्रायणी तेरा दिवस थांबणार नाही.

दुपारच्या कार्डात आप्पा एकदाच दिसतात. वीणा नातवाच्या गळ्यात देऊन चहा पिताना, फ्रेमच्या कडेला. ११ सेकंद. ते ११ सेकंद आता तीन ठिकाणी आहेत, त्यातली एक डिस्क माझ्या बहिणीकडे नाशिकला.

आणि त्या पोराचा हल्ली शूटिंगनंतर फोन येतो तेव्हा तो आधी सांगतो, "दादा, दोन प्रती झाल्या, ताडल्या." मग विचारतो. तुम्हाला कुणी न ताडता विचारलं, तर कितीही कामात असा, एवढंच म्हणा: "थांब. मी येतो."