नोंद वाढली म्हणजे गुन्हे वाढले?

संपादक महोदय,

अमरावती आणि अकोला पोलिसांची तुलना करणारा लेख वाचला. अमरावतीत नोंदलेले गुन्हे जास्त, म्हणून तिथले पोलीस नापास, हा निकाल मान्य नाही. नोंद वाढणे म्हणजे गुन्हेगारी वाढणे नव्हे, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरो स्वतःच बजावतो. तक्रारदाराला ठाण्यातून परत पाठवले की आकडा आपोआप सुधारतो! दखलपात्र गुन्ह्यात एफआयआर बंधनकारक, असे सर्वोच्च न्यायालयाला २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगावे लागले, ते उगीच नाही.

तुलनाही चुकली. अमरावती शहराला आयुक्तालय आहे. धारणी-चिखलदऱ्याचा मेळघाट सांभाळणारे ग्रामीण पोलीस वेगळे. दोघांची बेरीज करून ती अकोल्यासमोर ठेवणे गैर.

अमरावतीतील उमेश कोल्हे खून प्रकरणात ‘आरोपी एनआयएने (राष्ट्रीय तपास संस्थेने) पकडले’ हे अर्धसत्य. जुलै २०२२ मध्ये तपास एनआयएकडे जाण्यापूर्वीच शहर पोलिसांनी आरोपींना अटक केली होती. दोष द्यायचाच तर सुरुवातीला लुटीचा संशय पुढे केला गेला, त्याचा द्या. लेखात तो नाहीच.

अकोल्याला शाबासकी देताना मे २०२३ ची जुन्या शहरातील दंगल एका ओळीत उरकली आहे. समाजमाध्यमावरील मजकुरावरून ती पेटली, एकाचा जीव गेला. त्याआधी नोव्हेंबर २०२१ मध्ये शेजारच्या अमरावतीत हिंसाचारानंतर संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झाले. त्यातून अकोला पोलिसांनी काय धडा घेतला, हे लेखकाने विचारायला हवे होते.

पुढच्या वेळी दोषसिद्धीचे प्रमाण आणि रिक्त पदे छापा.

आपला,
एक वाचक, बडनेरा